पेपर झाल्यावर सांगू

मार्च लागला की आमच्या शिवाजी पेठेतला आवाज कमी होतो. तसा तो कमी होण्यातला नाही. इथं दोन माणसं एकमेकांना वेळ विचारत असली तरी लांबून भांडण वाटतं. पण दहावी-बारावीचे पेपर सुरू झाले की तालमीसमोरचा स्पीकर खाली उतरतो. फुटबॉलची मॅच जिंकून आलेली पोरं गल्लीच्या तोंडाशी आली की हलगी काखेत धरतात आणि कुणीतरी दटावतंच, "ए, हळू की, पोरांचे पेपर हाईत." स्टेशनरीच्या दुकानाबाहेर रायटिंग पॅड दोरीला लटकतात. कडुलिंब पानं गाळायला लागतो, सकाळी झाडलेलं अंगण दुपारी परत भरतं. हंगाम संपत आलेला असतो, वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस गोड वास पेठेपर्यंत येतो. आणि दहाच्या सुमाराला घराघरांत तीच हालचाल. हातावर दही-साखर, देवाला नमस्कार, आणि पोरगं चपला घालत असताना आईचं शेवटचं वाक्य, "हॉल तिकीट घेतलंस न्हवं?"

याच दिवसांत आणखी एक वाक्य घराघरांत फिरत असतं, पण ते मुलांच्या कानावर पडू देत नाहीत. "पेपर झाल्यावर सांगू." मामाचं आणि मामीचं बिनसलं, पेपर झाल्यावर सांगू. आजीचा रिपोर्ट आला, पेपर झाल्यावर सांगू. हे वाक्य मायेनं म्हटलं जातं, त्यात खोट नसते. मीही ते म्हटलेलं आहे. तरी दर मार्चला ते कुठूनतरी कानावर आलं की मला दोन वर्षांपूर्वीचा मार्च आठवतो.

मी शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात मापं तपासतो. ओतीव भाग कातून झाला की माझ्या टेबलावर येतो, मी व्हर्नियर लावतो, आकडा लिहितो, पास किंवा नापास. चोवीस वर्षं हेच. याचा परिणाम माणसावर होतो. भाकरी एका बाजूला जाड झालेली मला दिसते, आणि मला ती दिसली हे बायकोला दिसतं. एकदा ती म्हणाली, "दिवसभर लोखंडाची मापं काढता आणि घरी आल्यावर आमची. शनिवारी तरी कुठं जावा की."

ते कुठं म्हणजे मंगळवार पेठेतल्या एका वाचनालयाचा वरचा हॉल. आई, वडील, भाऊ, बहीण यांतलं कुणी मेलेलं आहे अशा मुलांसाठी शैलाताई नावाच्या समुपदेशक तिथं शनिवारी चार ते सहा बैठक घेतात. मुलं तेव्हा अकरा होती, सात वर्षांपासून सतरापर्यंतची. आम्ही स्वयंसेवक चार. सतरंज्या घालायच्या, रंगपेट्या मांडायच्या, चहा-बिस्किटं द्यायची, मुलं बोलली तर ऐकायचं, नाही बोलली तर शेजारी बसायचं. आधी दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्यात मी वहीत एकोणीस मुद्दे उतरवून घेतले. पहिला मुद्दा असा, की मेलं असेल तर मेलं म्हणायचं. देवाघरी गेले, झोपले, गावाला गेले, असलं काही म्हणायचं नाही. मला ते जरा उग्र वाटलं. मग शैलाताईंनी मीनूबद्दल सांगितलं. ही त्या गटातली सात वर्षांची मुलगी. तिला घरच्यांनी पप्पा गावाला गेलेत असं सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत तिला गावी नेलं, तेव्हा तिनं एक एक करून सगळ्या खोल्या उघडून बघितल्या, गोठाही बघितला, आणि परत येताना एस.टी.त कुणाशी बोलली नाही.

माझ्या खिशात कायम मोजपट्टी असते, म्हणून मुलांनी माझं नाव टेपकाका ठेवलं. एका शनिवारी मीनू म्हणाली, "टेपकाका, माझे पप्पा केवढे होते ते मोजता का?" मी विचारलं, कसं मोजू? ती खुर्चीवर उभी राहिली, टाचा उचलल्या, भिंतीवर हात लावला. इथपर्यंत. मी मोजलं. सहा फूट चार इंच. पुढं कधीतरी तिच्या आईकडून कळलं, पाच फूट पाच. मी वहीत दोन्ही आकडे लिहून ठेवले आहेत. खोडावा असा त्यांतला एकही वाटला नाही.

शिवलीला त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी आली. पंधरा वर्षांची, दहावीतली. तिचे वडील शिरोलीतच एका फौंड्रीत भट्टीवर होते. कामावर असतानाच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत माणूस गेला. लिंगायत घर, मूळ गडहिंग्लजच्या पलीकडचं. आता घरात आई, आजी आणि वडिलांचा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन, म्हणजे मल्लूकाका. तोच तिला मोटरसायकलवरून सोडायला यायचा. ती उतरायची आणि मागं न बघता जिना चढायची. तो खाली हात वर करून उभा राहायचा आणि ती दिसेनाशी झाली की तोच हात डोक्यावरून फिरवून गाडी वळवायचा. तीन शनिवार ती भिंतीला टेकून बसली. चहा नको, रंग नकोत, बोलणं नाही.

चौथ्या शनिवारी पत्रं लिहायची होती, गेलेल्या माणसाला. त्या पत्रांचं पुढं काय करायचं यावर मी एक कल्पना काढली. गच्चीवर शेगडी पेटवू, ज्यानं त्यानं आपलं पत्र त्यात सोडायचं, धूर वर जाईल. शैलाताई नाशिकच्या, त्यांना बरं वाटलं. मी तयारीला लागलो. शेगडी, वाळूची एक बादली, पाण्याच्या दोन. मुलांनी कुठवर यायचं त्याची सहा फुटांवर खडूनं रेघ. वाऱ्याची दिशाही बघून ठेवली. सगळं नीट तपासलं.

चार मुलांनी पत्रं सोडली. पाचवी शिवलीला. ती रेघेपाशी आली आणि कागद पाठीमागं धरून उभी राहिली.

"मी न्हाय टाकत."

"का गं?"

"आमच्यात जाळत न्हाईत." तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो, चांगला खणखणीत. "पप्पांना बसवून माती दिलीया. जाळायचं काय काम न्हाय."

शैलाताईंना इथल्या रीती ठाऊक नव्हत्या, पण माझा जन्म कोल्हापुरात गेला. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस लिंगायत आहे, त्याच्या आईच्या मातीला मी स्वतः गेलो होतो, मांडी घालून बसवलेली ती म्हातारी या डोळ्यांनी बघितली होती. तरी शेगडी आणताना मला ते सुचलं नाही. मी म्हणालो, "चुकलं माझं."

तेवढ्यात मीनूनं विचारलं, "बसवून म्हणजे? मग त्यांना बसून बसून कंटाळा नाही येत?"

मी मनात वहीतले एकोणीस मुद्दे चाळायला लागलो. शिवलीला मीनूकडं बघून हसली.

"भट्टीवर दिवसभर हुबंच राहायला लागायचं त्यांना. बसूंदेत आता."

मग आम्ही सगळे खाली अंगणात गेलो. जास्वंदीच्या बुडात मी खुरप्यानं खड्डा केला. ज्यांची पत्रं राहिली होती त्यांच्यातल्या दोघांनी म्हटलं, आमची पण मातीतच ठेवा. ती पोरं काही लिंगायत नव्हती, पण त्यांना ते बरं वाटलं. नऊ इंच पुरेल असं मी म्हणालो, तर शिवलीला म्हणाली, "एक फूट करा. पाऊस आला की माती जाती." बाकीची मुलं चहाला वर गेली, ती थांबली. माती लोटता लोटता, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तशी म्हणाली, "मी दहावीला बसणार न्हाय."

पेपरांना पंधरा दिवस होते. फॉर्म भरलेला होता, अभ्यासात पोरगी हुशार. मी कारण विचारलं, तर तिनं मलाच एक हिशेब घातला.

"पप्पा गेले सव्वाअकराला. माझा पूर्वपरीक्षेचा पेपर अकरा ते दोन. घरात पोचलो पावणेतीनला. किती झाले?"

"साडेतीन तास."

"त्या साडेतीन तासांत मी काय काय केलं सांगू? इंग्रजीचा पेपर. गल्लीतला कचरा उचलत न्हाईत म्हणून आयुक्तांना पत्र लिवलं. चांगलं लिवलं. भाईर आल्यावर मैत्रिणीबरोबर बर्फाचा गोळा खाल्ला, कालाखट्टा. मग एकमेकींना काळी जीभ दाखवत घरापतुर आलो. दारात चपला बघितल्या. मला वाटलं, पावणं आलेत. मी हसत हुतो, काका. काळी जीभ घेऊन हसत हसत आत गेलो."

आमच्याकडच्या मुली मी गेलो, मी आलो असंच बोलतात. शैलाताईंना पहिले काही महिने ते विचित्र वाटायचं. मला त्या दिवशी त्या 'हसत हुतो'पुढं बघवेना, मी खुरप्याची माती काढत बसलो.

"गल्लीत सगळ्यांना म्हायती हुतं," ती म्हणाली. "गोळेवाल्याला बी म्हायती हुतं, त्यानं माझे पैसे घेतले न्हाईत. मला वाटलं, आज खुशीत हाय. मल्लूकाकानं सगळ्यांना सांगून ठेवलं हुतं, पोरीचा पेपर हुदे, कोण सांगू नका. आता परत पेपर. मी आत बसणार. भाईर आई हाय, अव्वा हाय. काय झालं तर मला कोण सांगणार हाय? घरी सराव करायला बसलं तरी सव्वाअकरा वाजले की हात थांबतो."

अव्वा म्हणजे तिची आजी. मल्लूकाकाशी शिवलीला त्या दिवसापासून एक शब्द बोललेली नव्हती.

मग तिनं मला सरळ विचारलं, "तुमी असता तर सांगितलं असतं?"

मुलांशी खोटं बोलायचं नाही, हा माझ्या वहीतला दुसरा की तिसरा मुद्दा. पण मुद्दा आठवून मी उत्तर दिलं नाही. दुसरं उत्तर माझ्याकडं नव्हतंच. माझी मुलगी केतकी बारावीला होती, फिजिक्सच्या पेपरच्या दिवशी पहाटे माझे वडील दवाखान्यात वारले. मी घरी आलो, तोंड धुतलं, तिला म्हणालो, आबा झोपलेत, बरे आहेत. तिच्या हातावर दही ठेवलं. ती गेल्यावर फोन करायला बसलो. सगळी माणसं, सगळ्या वेळा अशा लावल्या की ती पेपर देऊन आल्यावर अर्ध्या तासात स्मशानाकडं निघता यावं. त्या दिवशी सगळे म्हणाले, काय व्यवस्थित केलंस. मलाही तसंच वाटलं.

हे सगळं मी शिवलीलाला सांगितलं.

"मग तिनं काय केलं?"

"काही नाही. मार्क चांगले पडले. आता पुण्याला नोकरी करते. फोन केला की आधी विचारते, सगळे बरे आहेत ना, खरं सांगा."

"किती वर्षं झाली?"

"सहा."

"आणि अजून विचारती."

"विचारते."

तिनं मातीवर पाय दिला आणि दाबली. "मग तुमचं बी चुकलं."

"हो."

एवढंच बोलणं झालं. सहा वर्षं केतकीच्या त्या प्रश्नाला मी सवय समजत होतो, म्हणजे काही लोक फोन घेताच जेवलात का विचारतात तशी. एका परक्या मुलीनं मातीवर पाय दाबला आणि मला ते माप नव्यानं घ्यावं लागलं.

पुढच्या आठवड्यात शैलाताई आणि मी तिच्या घरी गेलो. दोन खोल्या आणि मागं न्हाणी. भिंतीवर वडिलांचा फोटो, कपाळावर भस्माचे पट्टे, चेहरा कामावरून आल्यासारखा. शिवलीलानं सगळ्यांसमोर अट सांगितली. पेपरला बसते, पण पेपर चालू असताना घरात काहीही झालं तर मला तिथं येऊन सांगायचं. लहान असो, मोठं असो. आणि त्यानंतर लिहायचं का उठायचं, ते मी ठरवणार.

मल्लू दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "पावणं, तुमचं पुस्तकात बरोबर असंल. पण वर्ष वाया गेलं तर कोण आणून देणार? तुमी? परीक्षा म्हंजे परीक्षा. दादाची इच्छा हुती पोरीनं शिकावं."

"भाऊजी," तिची आई म्हणाली, "ती बसायचंच न्हाय म्हणत हुती. आता बसतो म्हणतीया." मग ती मुलीकडं वळली. "सांगीन. काय बी झालं तरी सांगीन."

अव्वा कोपऱ्यात विभूतीची डबी पुसत बसली होती. ती म्हणाली, "मला काय झालं तर आधी हिला सांगा, मग डॉक्टरला." सगळे हसले. मल्लू हसला नाही. शिवलीला त्याच्याकडं न बघता म्हणाली, "त्यांना विचारा, ते मधी पडणार न्हाईत न्हवं?" तो समोर चार फुटांवर उभा होता.

"न्हाय पडत," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

निरोप आत कसा पोचवायचा हे माझ्याकडं आलं. मी परीक्षा केंद्रावर जाऊन केंद्रसंचालक बाईंना भेटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नियमात अशी काही सोय नाही."

"मनाई आहे का?"

"तसंही लिहिलेलं नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "निरोप आला तर मी स्वतः नेऊन देईन. पण मुलगी पेपर सोडून उठली तर ती जबाबदारी माझी नाही."

"तिची आहे," मी म्हणालो.

नऊ पेपर होते. मी नऊ अर्ध्या रजा टाकल्या. साहेबांनी विचारलं, "घरात कोण दहावीला?" मी म्हणालो, "घरात कोणी नाही." त्यांनी सही केली, पण पेन बराच वेळ हातात धरून.

परीक्षा केंद्राबाहेर थांबण्याची एक वेगळीच दुनिया असते. फाटकाबाहेर एक मोठं पिंपळाचं झाड, त्याला पार. अकराची घंटा झाली की एकदम शांत. पारावर आया बसलेल्या, पर्स मांडीवर, ओठ हलताहेत. बाप मंडळी उभी, गाड्यांना टेकून. कुणी कुणाला ओळखत नाही, पण अर्ध्या तासात सगळ्यांची सगळी मुलं सगळ्यांना माहीत होतात. "आमचं बीजगणित चांगलं हाय, भूमितीत मार खातंय." "आमचं दोन्हीत खातंय, जेवणात तेवढं पहिलं." उसाच्या रसाच्या गाड्याची घुंगरं मध्येच वाजतात आणि पोलिस त्याला हातानं गप्प करतो. मला विचारायचे, तुमचं कोण आत? मी सांगायचो, ओळखीची मुलगी आहे. पहिल्या दिवशी सव्वाअकरा वाजले तेव्हा मी घड्याळाकडं बघितलं आणि आत कुठल्यातरी बाकावर एक हात थांबला असेल असं मनात आलं. पेपर सुटल्यावर तिनं फाटकाशी मला बघितलं. "काय न्हाय न्हवं?" "काही नाही." "बरं," म्हणून गेली. मराठी झाला, हिंदी झाला, इंग्रजी झाला. चौथ्या पेपरला येताना तिनं सांगितलं, "मागल्या पेपराला हात थांबला, पण एकच मिनिट."

तो चौथा पेपर बीजगणिताचा, दोन तासांचा.

अकरा चाळीसला माझा फोन वाजला. तिची आई. मागं गलका. अव्वा न्हाणीत घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलंय असं दिसत होतं, रिक्षातून दवाखान्यात नेत होते. "शुद्धीवर हाय, बोलती," आई म्हणाली. "टेपकाका, तिला सांगा. मी कबूल झालोय." आणि फोन बंद झाला.

मी लगेच उठलो नाही, हे लिहायला हवं. मी पारावर बसून राहिलो आणि माझ्या डोक्यात जुना माणूस कामाला लागला. म्हातारी मेलेली नाही. दवाखान्यात पोचेल, एक्स-रे होईल, त्यालाच तास जाईल. पेपर एक वाजता सुटतो. चाळीस मार्कांचा पेपर आहे, मुलीचा आवडता आहे. सव्वा तासानं काय बिघडणार आहे? सगळं बरोबर होतं. एकही आकडा चुकलेला नव्हता. केतकीच्या वेळीही चुकलेला नव्हता.

अकरा शेहेचाळीसला मी चिठ्ठी लिहिली. 'अव्वा घरात पडल्या. खुब्याचं हाड मोडल्याची शक्यता. शुद्धीवर आहेत, बोलतात. आई बरोबर आहे, दवाखान्यात नेत आहेत. बाकी सगळे बरे. ११.४६.' ती घेऊन फाटकापाशी आलो, तर समोरून मल्लू मोटरसायकल तिरपी टाकतच आला.

"देऊ नका," तो म्हणाला. "पावणं, पाया पडतो. अव्वा बरी हाय. मी बघून आलोय. दीड तास काढा."

"तिच्या आईनं सांगितलंय. तिला शब्द दिलाय."

"शब्द दिला म्हणून पोरीचं वाटोळं करायचं? तुमचं काय जातंय? तुमी संध्याकाळी घरी जाऊन जेवणार!"

लोक बघायला लागले. पोलिस जवळ आला. मी चिठ्ठी फाटकातल्या शिपायाकडं दिली आणि बाईंचं नाव सांगितलं. मल्लूनं हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. शब्द त्यानंही दिला होता, मधी पडणार नाही म्हणून. तो मागं सरकला आणि पारावर बसला.

वीस मिनिटांनी केंद्रसंचालक बाई स्वतः फाटकापर्यंत आल्या. गजांतून म्हणाल्या, "तुझ्या घरून निरोप आलाय असं सांगून मी तिला वाचून दाखवलं. कागद हातात देता येत नाही. तिनं विचारलं, बोलती म्हणजे नीट बोलती का? मी म्हटलं, असं लिहिलंय. मग पाणी प्यायली. थोडा वेळ बसली नुसती. मग म्हणाली, लिहितो." बाईंनी रुमालानं मान पुसली. "लिहितेय."

मी पारावर मल्लूच्या शेजारी बसलो आणि त्याला ते शब्द जसेच्या तसे सांगितले. पिंपळाची जुनी पानं पडत होती, नवी तांबूस पालवी उन्हात चमकत होती. शेजारच्या बाईनं न विचारता आपली पाण्याची बाटली त्याच्याकडं सरकवली.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "दादाला घरात आणला साडेबाराला. बसवला. मी त्याच्या बाजूला बसलो. दाराकडं बघत. प्रत्येक चप्पल वाजली की वाटायचं, आली. येऊ नये वाटायचं, आणि लवकर यावी बी वाटायचं. सगळ्यांना सांगून ठेवलं हुतं, पण ती आल्यावर तिला कोण सांगणार, त्याचा इचारच केला न्हवता मी. शेवटाला मीच सांगितलं. आणि तिची जीभ बघितली..." त्यानं बाटली पारावर ठेवली. "तिला वाटतंय साडेतीन तास तिचे गेले. माझे बी गेलेत."

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. आम्ही दर शनिवारी मुलांसाठी सतरंज्या घालत होतो आणि हा माणूस दर शनिवारी जिन्याखाली गाडी लावून उभा होता.

एक वाजता घंटा झाली. मुलं लोंढ्यानं बाहेर आली, प्रश्नपत्रिका हवेत, उत्तरं एकमेकांच्या अंगावर फेकत. शिवलीला चालत आली, पळत नाही. मला वाटलं माझ्याकडं येईल. ती मल्लूपुढं जाऊन उभी राहिली.

"कुठल्या दवाखान्यात?"

त्यानं सांगितलं. दोन महिन्यांत तिनं त्याला विचारलेला तो पहिला प्रश्न होता, आणि तो उत्तर देताना उभा राहिला, मोठ्या माणसासमोर उभं राहावं तसा.

"एक गणित राहिलं," ती म्हणाली. "धा मिनिटं हात चालला न्हाय. बाकीचं झालं." मग खाली बघून म्हणाली, "निरोप धाडलासा ते बरं झालं, काका."

बाईंनी 'घरून निरोप' म्हटलं होतं, तिनं तो मल्लूनं धाडला असं धरलं होतं. मी गप्प बसलो. खरं तर मला ते तसंच राहावं असं वाटलं. खोटं मी बोलत नव्हतो, आणि त्याला ते वाक्य मिळून गेलं असतं. इतक्या दिवसांनी मिळालं होतं.

मल्लूनं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"मी न्हाय धाडला," तो म्हणाला. "तुझ्या आईनं धाडला, ह्यांनी पोचवला. मी अडवायला आलतो. देऊ नका म्हणून पाया पडत हुतो."

पारावरच्या आया आता उघड ऐकत होत्या. शिवलीला पॅड छातीशी धरून उभी. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं, चेहऱ्याचा एक एक भाग तपासावा तसं.

"आणि काय लपवलंय?"

"काय न्हाय." मग त्यानं मान हलवली. "हाय. एक्स-रे आलाय. मगाशी फोनवर फोटो आला. आपरेशन करायला लागंल म्हणत्यात."

"दावा."

त्यानं खिशातून फोन काढला, शर्टाला पुसला आणि तिच्या हातात दिला. भर दुपारच्या उन्हात पडद्यावर काही दिसेना, तेव्हा त्यानं आपल्या दोन्ही हातांची सावली धरली. तिनं बोटांनी फोटो मोठा केला आणि दोन डोकी एकाच पांढऱ्या हाडावर वाकली.